यू वार्सीचे नाणे आणि माझ्या पेशी

शनिवार, दिनांक चौदा जून. गल्लीचे प्रमुख पाक झैनुरी यांच्या ओसरीवर भरलेल्या मासिक सभेत, गटारसफाईचा विषय संपल्यानंतर आणि उकडलेले शेंगदाणे येण्यापूर्वी, माझ्याविषयी पुढील वाक्य उच्चारण्यात आले : "पाक मोकोंच्या पेशी यू वार्सीला आतून चावतायत, तेव्हा पाक मोकोंनी बहिणीची माफी मागावी." वाक्य पाक झैनुरींचे होते. उपस्थितांपैकी कोणीही हरकत घेतली नाही. मी घेतली. ती शांतपणे ऐकून घेण्यात आली, आणि मग शेंगदाणे आले.

मी जावा बेटावरच्या सेमारांगच्या याच गल्लीत जन्मलो, जिथे भरतीचे पाणी उंबऱ्याशी आले तर चपला वर ठेवतात आणि पत्त्यांचा डाव पुढे चालू राहतो. सरकारी शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवतो. आरोप झाला तर आरोपीला बाजू मांडू द्यावी, हे मी दरवर्षी नव्या तुकडीला सांगतो. ही संधी मला गल्लीने दिली नाही, म्हणून ती मी इथे घेत आहे. परंतु आरोप समजायचा तर आधी माझी बहीण समजली पाहिजे, आणि ते काम कोणत्याही सभेच्या आवाक्यातले नाही.

तिचे नाव वार्सिह. पुरुषांना आम्ही मानाने पाक म्हणतो, बायकांना बू, आणि थोरल्या बहिणीला यू. पण तिच्याहून वयाने मोठी माणसेही तिला यू वार्सीच म्हणतात, कारण तिच्यासमोर धाकटे असणे सोयीचे पडते. मशिदीच्या कोपऱ्यावर तिची ताहू गिम्बालची गाडी असे. तळलेला टोफू, कोळंबीची भजी, चिरलेला कोबी, आणि या सगळ्यावर पाट्यावर रगडलेले शेंगदाण्याचे वाटण. गिऱ्हाइकाने तिखट कमी सांगितले तर ती त्याच्याकडे आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहत असे. नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. तो अकाली गेला. पुस्पिता ही एकच मुलगी. तिला तिने त्या पाट्याच्या जिवावर शिकवले, वाढवले आणि फैलावरही घेतले.

गाडी हा तिचा धंदा होता. तिचा अधिकार मात्र नाण्यात होता.

डच राणीच्या काळातले ते तांब्याचे जाड नाणे आजीकडून आईला आणि आईकडून यू वार्सीला मिळाले. (मुलगा असूनही मला ते का मिळाले नाही, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.) आमच्याकडे अंग मोडून आले, पोट फुगले, डोके जड झाले, की अंगात वारे शिरले असे म्हणतात. मग पाठीला तेल आणि बाम चोळून, नाण्याच्या कडेने मणक्यापासून बाजूंना रेघा ओढायच्या, थेट माशाच्या काट्यांसारख्या. रेघ जितकी लाल उमटेल तितके वारे निघाले. गल्लीतल्या प्रत्येक पाठीचा रंग यू वार्सीला तोंडपाठ होता, आणि निदान ती खासगीत सांगत नसे. पाक झैनुरींची पाठ एकदा फिकट राहिली, तेव्हा तिने त्यांच्याच ओसरीवर जाहीर केले, "तुमच्या अंगात वारं नाही, पाक. आळस आहे. त्याला नाणं लागत नाही, बायको लागते."

या बाईला ब्लड कॅन्सर झाला.

अंगावर आपोआप काळेनिळे डाग पडू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. औषधांनी आजार एकदा दबला आणि पुन्हा उलटला. तेव्हा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टर प्रामेस्ती यांनी सांगितले, की आता दुसऱ्या कोणाच्या तरी मूळपेशी घालाव्या लागतील, म्हणजे अंगात रक्त बनवणारा कारखानाच नवा बसेल. तपासणी झाली. मी तंतोतंत जुळलो.

"काहीतरी चूक आहे, डॉक्टर," यू वार्सी म्हणाली. "भातात पाणी किती, ह्यावरसुद्धा आमचं कधी जमलं नाही. मशीन परत लावून बघा."

मला इंजेक्शने दिली, हाडे ठणकली, आणि मग एका हातातून रक्त काढून, यंत्रातून पेशी वेगळ्या करून, उरलेले दुसऱ्या हातात परत सोडत मला दिवसभर निजवून ठेवले. या काळात वर्गावर कोण होते, हा निराळा विषय आहे आणि त्याबद्दल मी शाळेला स्वतंत्रपणे लिहिले आहे. संध्याकाळी ती पिशवी यू वार्सीच्या डोक्याशी टांगली. तिच्या डोक्यावर तेव्हा एक केस नव्हता. तिने पिशवीकडे बराच वेळ पाहिले.

"पातळ झालंय वाटण," ती म्हणाली. मग डॉक्टरांना, "ह्यातून त्याचा स्वभाव गाळून घेतलाय ना?"

"तशी गाळणी अजून निघाली नाही, बू," डॉक्टर प्रामेस्ती म्हणाल्या. त्या मऊ बोलीच्या सोलो शहराकडच्या, कठीण गोष्टही लोरी म्हटल्यासारखी सांगतात.

पेशी रुजल्या. यू वार्सी घरी आली. आणि त्या दिवसापासून तिने जे जे केले त्याचा उगम माझ्यात शोधण्याचा उद्योग गल्लीने सुरू केला. तिने वीज कार्यालयाकडे तक्रार केली. पाक मोकोंच्या पेशी. बू जुमियातीने आणलेले केळ्याचे वेफर्स ती वातड म्हणाली. पाक मोकोंच्या पेशी. वास्तविक बू जुमियाती या शेजारणीचे वेफर्स माझ्या जन्माआधीपासून वातड आहेत आणि यू वार्सी तसे सांगतही आली आहे. पण पुराव्याची कोणाला गरज होती?

मग हाताच्या तळव्यांना खाज सुटली. तळवे लाल झाले, नंतर तळपाय, कानांमागची कातडी, खांदे. हळूहळू पाठीवर आणि छातीवर बारीक पुरळ पसरले. कुठेही लाली दिसली तर त्याच दिवशी या, असे डॉक्टरांनी तिला बजावले होते, आणि तिला ते नीट आठवतही होते. परंतु लाली ही जन्मभर जिची आनंदाची बातमी होती, तिने त्या सूचनेचा अर्थ आपल्या परीने लावला. डॉक्टरला आनंदात सहभागी व्हायचे आहे, असे तिला वाटले. पुढच्या नेमाच्या भेटीत सांगू, एवढी घाई काय! तोवर निघणाऱ्या वाऱ्याला हातभार म्हणून तिने बू जुमियातीला बोलावले, स्वतःचे नाणे तिच्या हातात दिले आणि पाठ पुढे केली.

मला यातले काहीही सांगण्यात आले नाही. मला कळले ते हॉस्पिटलात. डॉक्टर प्रामेस्तींनी पाठीवरचा कपडा वर केला.

"बू वार्सी, ह्या रेघा कोणी काढल्या?"

"पेशींनी."

"पेशी अशा ओळीने चालत नाहीत, बू. माझी आईसुद्धा माझी पाठ अश्शीच करते. शेजारणीचं नाव सांगा."

"नाव कशाला? तुम्हाला पण करून घ्यायचंय?"

डॉक्टर हसल्या, आणि मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. ओढण्याच्या पद्धतीवरूनच मला कळले की हसण्याचा भाग संपला.

"नीट ऐका. तुमच्या भावाच्या पेशी नव्या घरात आल्यात. तुमची कातडी त्यांना परकी वाटते, म्हणून त्या तिच्याशी भांडतायत. हे पुरळ ते आहे."

"मग बरोबर. त्याला लहानपणापासून माझं काही आवडतच नाही."

"थोडं भांडण चांगलंच असतं, बू. ह्याच पेशी तुमचा उरलासुरला आजारही हुडकून काढतात. पण हाताबाहेर गेलं तर कातडी सोलून निघते, पोट बिघडतं, यकृत बिघडतं. आणि तुमच्या प्लेटलेट अजून कमी आहेत. खरवडलं तर आत रक्त साकळतं, कातडी फाटली तर जंतू शिरतात. आज मला पुरळ कुठलं आणि नाणं कुठलं, हे वेगळं करता येत नाही. गोळ्या देते, मलम देते. ऊन अजिबात नाही. आठवड्याने पुन्हा बघू. पसरत गेलं तर भरती करावं लागेल."

"आणि पुस्पिताचं लग्न?"

"ते तुमच्याशिवाय होईल, बू."

लग्न महिन्याअखेरीस होते. मग यू वार्सीने, डॉक्टरांनी मागितले म्हणून, पिशवीतून एक नाणे काढून टेबलावर ठेवले. ते डॉक्टरांनी खणात टाकल्याचा आवाज मी औषधांच्या सूचना वाचता वाचता ऐकला आणि विषय मिटला असे समजलो.

डॉक्टरांच्या बोलण्यात दोन वाक्ये होती : एक, भावाच्या पेशी भांडतायत, दुसरे, थोडे भांडण चांगले असते आणि त्याच पेशी आजार हुडकून काढतात. गल्लीपर्यंत फक्त पहिले पोहोचले. त्यानंतर चौदा जूनची ती सभा झाली. वर दिलेल्या वाक्याला पाक झैनुरींनी पुरवणी जोडली, की माफीसोबत लाल-पांढरी खीरही व्हावी. बाळाच्या बारशाला आपण करतोच, आणि पेशी नव्याच आहेत.

मी म्हटले, "माफीसाठी आधी गुन्हा लागतो."

"गुन्हा पेशींचा आहे, पाक मोको," पाक झैनुरी समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण त्या अजून लहान आहेत. पालक म्हणून तुम्ही या."

मी ठाम नकार दिला. मी माझे रक्त दिले होते. त्याच्या वर्तणुकीची हमी दिलेली नव्हती.

पुरळ मात्र ओसरेना. गोळ्या चालू होत्या, मलम चालू होते, आणि तरी दंडांपर्यंत आलेली लाली आता मनगटांकडे निघाली होती. गल्लीत माझ्याकडे पाहण्याची पद्धत बदलली. नेहमीचा चहावाला मला साखर विचारीना. पुस्पिता एक दिवस माझ्याकडे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, लग्न पुढे ढकलू का? आई ऐकत नाही. म्हणते, खुर्चीसकट उचलून न्या."

म्हणून दुपारी मी अवेळी यू वार्सीकडे गेलो. दार लोटलेले होते. आत बू जुमियाती घाईघाईने हात पुसत उभी राहिली.

"केळी तळत होते," ती म्हणाली.

"बाम घालून?"

यू वार्सी आमच्याकडे पाठ करून बसली होती. त्या पाठीचे वर्णन मी करणार नाही. पुरळाच्या लालीवर नव्या काळपट रेघा होत्या आणि दोन ठिकाणी कातडी ओली दिसत होती. खोबरेल तेलाच्या वाटीत तळाशी डच राणी शांतपणे पहुडली होती.

"मग डॉक्टरला दिलंस ते काय होतं?"

"पाचशे रुपियाचं नाणं. तिने नाणं मागितलं, मी नाणं दिलं. तू नागरिकशास्त्र शिकवतोस ना? खोटं कुठं बोलले ते दाखव."

बू जुमियाती वेफर्सची आठवण होऊन निघून गेली. मी यू वार्सीसमोर बसलो. तिला म्हटले, "यू, तिथे वारं नाही. ते लाल आहे ना, ते मी आहे. तू मला खरवडतेयस."

"मग तू थांब की. मी कधीची सांगतेय."

"मला थांबता येत नाही. गोळ्यांना येतं. तू थांबलीस तर."

ती कपड्याच्या टोकाने हात पुसत राहिली. तळवे सुजले होते, बोटे नीट मिटत नव्हती. त्या हातांनी गेल्या दोन वर्षांत पाटा उचलला नव्हता.

"दिक," ती म्हणाली. आम्हा धाकट्यांना असे म्हणतात, पण ती मला सहसा नावानेच हाक मारते. "दोन वर्षं सगळेजण माझ्या अंगाला काही ना काही करतायत. सुया खुपसतायत, नळ्या घालतायत, तुला आत सोडलाय. मी नुसती बसलेय. हे एक काम मला येतं. तेही सोडू?"

याचे उत्तर नागरिकशास्त्रात नाही.

मग तीच म्हणाली, "फुकट नाही सोडणार. तू माफी माग. सगळ्यांसमोर, खाली वाकून, खीर करून. मग नाणं तुझं."

"मी काही केलेलं नाही, यू."

"माहीत आहे. म्हणूनच बघायचंय."

मी ते मान्य केले. कारणे दोन होती आणि दोन्ही मी लपवत नाही. मला तिला लग्नात उभी पाहायची होती, आणि त्या नाण्यावर माझा हक्क होताच.

रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, यू वार्सी तिच्या ओसरीवर मास्क आणि लांब बाह्या घालून खुर्चीत बसली. जंतूंमुळे गल्लीला अंगणाबाहेर उभे केले होते, तरी प्रत्येकाने पुढची जागा मिळवली होती. ताजी खीर आली, लाल आणि पांढरी. मी बसक्या चालीने पुढे गेलो, ईदेला थोरांपुढे वाकतो तसा वाकलो आणि कपाळ तिच्या गुडघ्यांना टेकवले. शब्द मी आदल्या दिवशी पारखून ठेवले होते.

"माझ्या पेशींच्या वतीने," मी म्हणालो, "मी माफी मागतो."

"आणि तुझ्या वतीने?"

"तो विषय सभेपुढे नाही."

अंगणाबाहेर कोणीतरी फिस्सकन हसले. यू वार्सीने तो सुजलेला, तापलेला तळवा माझ्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. "मोठ्यांचंही चुकलं असेल तर माफ कर," ती म्हणाली. ते आमच्याकडे सगळेच म्हणतात, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मग तिने माझ्या मुठीत नाणे घातले. मी तिथेच उजेडात धरून राणीचा चेहरा तपासून घेतला. पूर्वानुभव होता.

नाणे थांबले. गोळ्या आणि मलम यांना प्रथमच आपले काम निर्वेध करता आले. रेघा पुसल्या गेल्या, खाली उरलेले पुरळ डॉक्टरांना स्पष्ट दिसले, त्यांनी गोळीचे प्रमाण वाढवले, आणि पुढच्या भेटीत लाली ओसरून पाव अंगापुरती उरली होती. "लग्नाला जा, बू," डॉक्टर प्रामेस्ती म्हणाल्या. "मास्क, ताजं गरम जेवण, आणि डोक्यावर सतत सावली."

गल्लीने निष्कर्ष काढला, तो असा : "पेशींनी ऐकलं." पाक झैनुरींनी माझी पाठ थोपटली आणि खिरीची कल्पना आपली होती याची आठवण करून दिली. ही माझी दुसरी तक्रार आहे. ज्याने गुन्हा केला नव्हता त्याला माफी मागायला लावले, आणि ज्या औषधाने काम केले त्याचे नावही कोणी घेत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे वधूची आई अंगणात बसून नारळाच्या दुधातले थंडगार दावेत नावाचे सरबत विकते. पाहुणे मोल म्हणून खापराचे तुकडे देतात, आणि वधूचा बाप तिच्यावर छत्री धरून उभा राहतो. बाप नसल्यामुळे छत्री माझ्याकडे आली. ती कागदी, कडेला सोनेरी झालर असलेली. तिच्यातून ऊन चाळणीतून पिठासारखे खाली येत होते. मी ती पुस्पिताच्या मैत्रिणीकडे दिली, यू वार्सीच्या बंद पडलेल्या गाडीवरची मोठी ताडपत्री छत्री दांड्यासकट उपटून आणली आणि उघडली.

"पाक," फोटोवाला म्हणाला, "त्यावर सोया सॉसची जाहिरात आहे."

"दिसतेय."

"फोटोत येईल."

"येऊ दे."

यू वार्सीने हातमोजे घातलेल्या हाताने दावेत ओतले, खापरे मोजून घेतली आणि पाक झैनुरींना एक तुकडा लहान आहे म्हणून परत केला. पुस्पिता हसत होती आणि डोळेही पुसत होती. छत्री जड होती. मी दांडा दुसऱ्या हातात घेतला, आणि सावली सरकली.

"डावीकडे धर, दिक," यू वार्सी वर न पाहता म्हणाली. "तुझ्या पेशींना ऊन लागतंय."

मी डावीकडे धरली. सावली हलणार नाही अशा बेताने, शेवटचा पाहुणा जाईपर्यंत धरली.

तिच्या तळव्यांवर आता तपकिरी डाग उरले आहेत. पुरळ पुन्हा येऊ शकते. आले तर त्याच दिवशी हॉस्पिटलात जायचे, हे तिला मान्य झाले आहे. निदान मी समोर असताना. नाणे माझ्या कपाटात कुलूपबंद आहे. ते ती दर आठवड्याला परत मागते. गेल्या सोमवारी पाक झैनुरी माझ्या दारात अंग वाकडे करून उभे होते. आता पाठ मीच करून द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना त्यांच्या पाठीविषयी यू वार्सीचे जुने निदान वाचून दाखवल्यासारखे ऐकवले आणि दार लावले.

वाचकांकडे माझी मागणी अशी आहे. तुमच्या घरात कोणाच्या अंगात दुसऱ्याच्या पेशी घातल्या असतील, तर त्या अंगाला नाणे लावू नका. कातडीवर लाली दिसली तर कोणालाही आनंद होऊ देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि पेशी देणाऱ्याकडून माफी मागवू नका. त्याच्या हातात छत्री द्या.